धायटी : रकान्याबाहेरचे झुडूप

संक्रांत झाली की पुलगावच्या आसपासच्या वावरांतले रंग एकेक करून उतरू लागतात. तुरी सवंगून खळ्यावर गेलेल्या असतात. पऱ्हाटीची शेवटची वेचणी चाललेली असते, नाहीतर नुसती वाळकी झाडे उभी असतात. हरभरा फुलात असतो, पण त्याचे फूल बहुतेक स्वतःशीच व्यवहार करणारे. माशीवाचूनही त्याचे घाटे भरतात. पळसाला अवकाश असतो आणि कडुनिंब तर मार्चच्या मागेपुढे फुलणार. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सुगीचा काळ. मधमाशी, शिंजीर पक्षी आणि फुलावर पोट असणारे असंख्य लहान जीव यांच्या दृष्टीने मात्र तो हातातोंडाची गाठ पडणे अवघड होण्याचा काळ.

नेमक्या याच दिवसांत एक झुडूप पानांची पर्वा न करता फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत लाल होते. त्याचे नाव धायटी. या लेखात मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत : हे झुडूप काय आहे, त्याच्यावर कोण जगते, आणि आमच्यासारख्या काळ्या मातीच्या गावात ते लावायचे कसे. चौथी गोष्ट ओघाने येईल. जे झुडूप आयुर्वेदाला हजारो वर्षे ठाऊक आहे, ज्याची फुले आजही पोत्यांनी विकली जातात, त्याला आपल्या वृक्षारोपणाच्या कागदांत जागा का नाही?

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. हे वेड रविवारचे. जुने ग्रंथ, रोपवाटिकांतले माळी, जडीबुटी विकणारे वैदू आणि जंगलात गुरे चारणारी माणसे हे माझे विद्यापीठ. पक्ष्यांना मराठीत काय म्हणायचे ते मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने शिकवले. झाडांसाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ हाताशी धरला. हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक हे भारतात आले रेल्वेचे अभियंते म्हणून आणि पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अभियंत्याने इतके मोठे वनस्पतिशास्त्रीय काम करून ठेवलेले पाहिले की आपल्यासारख्यालाही धीर येतो. अडचण एवढीच की वर्धा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. म्हणजे कुकसाहेबांची हद्द आमच्या अलीकडेच संपते. आमच्या भागाचे आम्हालाच पाहावे लागते.

पुलाच्या गावाची माती

पुलगाव हे नावाप्रमाणेच पुलाचे गाव. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि गाव वाढले. मग कापसाची गिरणी आली. १९१७ साली अरुंद रुळांची पुलगाव–आर्वी गाडी सुरू झाली. पुढे लष्कराचे दारूगोळा भांडार आले. गावाचा इतिहास असा लोखंडाचा आणि कापसाचा आहे. त्याच्या मुळाशी आहे नदीकाठची खोल काळी माती. पावसाळ्यात ही माती चिखल होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते.

धायटीला अशी माती मानवत नाही. तिचे घर म्हणजे उतार, मुरूम, खडक आणि नाल्याचा काठ. म्हणून ती पाहायची असेल तर पुलगावकराला उत्तरेकडे, आर्वी, कारंजा आणि सेलू तालुक्यांकडे जावे लागते. तिथे सातपुड्याचे शेवटचे पाय जिल्ह्यात उतरतात आणि जमीन बरड होत जाते. याच पट्ट्यात बोरचे जंगल आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. बोरला लोक वाघासाठी जातात, आणि जावेच. पण माघ महिन्यात गेलात तर रस्त्याकडेच्या खडकाळ उतारावरही एकदा नजर टाका.

एका नावाची यात्रा

धायटी हा शब्द संस्कृत ‘धातकी’वरून प्राकृताच्या वाटेने मराठीत आला. धावशी हेही तिचे मराठी नाव. हिंदीत ती धवई किंवा धाय होते आणि विदर्भातल्या बाजारात हिंदी नावच जास्त चालते. संस्कृत कोशकारांनी तिला ताम्रपुष्पी म्हटले, बहुपुष्पी म्हटले आणि वह्निज्वालाही म्हटले. या तीन नावांत तिचे सगळे वर्णन आले : तांब्याच्या रंगाचे फूल, अमाप फुले, आणि दुरून पाहिले तर उतारावर पेटलेला जाळ.

या झुडपाचे नाव आपल्या पूर्वजांनी थेट भूगोलात नेऊन बसवले, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. जैन विश्वरचनेत मध्यभागी जंबूद्वीप, त्याच्याभोवती लवणसमुद्र आणि त्याच्याही पलीकडे आहे तो धातकीखंड. जांभळाच्या नावाचे पहिले द्वीप आणि धायटीच्या नावाचे दुसरे! विष्णुपुराणातही पुष्करद्वीपाचे जे दोन भाग सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचे नाव धातकी. ज्या समाजाने जगाचा नकाशा कल्पिताना जांभळानंतर धायटीची आठवण ठेवली, त्या समाजाला हे झुडूप किती ओळखीचे असेल, याचा अंदाज करावा.

नावातल्या एका घोटाळ्याचा खुलासा इथेच केलेला बरा. धावडा हा वेगळा. तो उंच वाढणारा, पांढरट सालीचा जंगली वृक्ष. त्याचा डिंक आपण हिवाळ्यात लाडवात घालतो. धावडा, धावशी, धवई ही नावे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की रोपवाटिकेत एक मागितले तर दुसरे हातात पडू शकते. खूण सोपी आहे. धायटीची पाने समोरासमोर येतात, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती असतात, आणि पान उलटले की खालची बाजू करडी, मखमली लागते. भिंग असेल तर त्या मखमलीवर बारीक काळे ठिपके दिसतात. जुन्या फांदीची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते.

शास्त्रात ती मेंदीच्या कुळातली. डाळिंबही त्याच कुळातले, आपल्या जंगलातला लेंडियाही, आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हणही. लिनियसने १७५९ साली तिची नोंद केली तेव्हा तिला लिथ्रम या प्रजातीत घातले होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांत ती वुडफोर्डिया फ्लोरिबुंडा म्हणून भेटते. आज मान्य असलेले नाव आहे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. फ्लोरिबुंडा म्हणजे बहुपुष्पी, फ्रुटिकोसा म्हणजे झुडूपवजा. लॅटिन नाव ठेवणाऱ्यालाही आधी तेच दिसले, जे संस्कृत नाव ठेवणाऱ्याला दिसले होते.

फूल, जे फूल नव्हे

धायटीचे ‘फूल’ हातात घेऊन नीट पाहिले तर गंमत कळते. आपण जिला पाकळी समजतो ती पाकळी नव्हेच. लाल-केशरी, किंचित वाकडी, सेंटिमीटरभर ते दीड सेंटिमीटर लांबीची जी नळी दिसते, तो निदलपुंज आहे. म्हणजे कळीचे बाहेरचे आवरण. त्याला टोकाशी सहा दाते असतात. खऱ्या पाकळ्याही सहाच, पण त्या इतक्या बारीक आणि लाजऱ्या की दात्यांच्या आड शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. नळीच्या तळाशी असतो मध.

या रचनेचे दोन परिणाम आहेत आणि पुढचे सगळे विवेचन त्यांवर उभे आहे.

पहिला परिणाम टिकाऊपणाचा. पाकळी नाजूक असते, एका दिवसात गळते. निदलपुंज चिवट असतो. धायटीची नळी परागण झाल्यावरही गळत नाही. ती फिकी होते, वाळते, आणि आत तयार होणाऱ्या बोंडीला शेवटपर्यंत कवच म्हणून धरून ठेवते. म्हणजे आज जे फूल दिसते, तेच उद्याचे फळ आहे. फूल तोडले की बी तोडले. मध्ये दुसरी पायरी नाही.

दुसरा परिणाम पाहुण्यांच्या निवडीचा. लाल रंग, नळीचा आकार, सुगंध जवळजवळ नाही आणि मध मात्र भरपूर : ही सगळी पक्ष्यांना बोलावण्याची लक्षणे. पक्ष्याला वास फारसा उपयोगी नाही, रंग चटकन दिसतो. पळस, पांगारा, काटेसावर यांचीही भाषा हीच आहे. फरक असा की ते तिघे वृक्ष आहेत आणि त्यांचा मेळा आभाळात भरतो. धायटी माणसाच्या उंचीची, फार तर दीड-दोन पुरुष. तिचा मेळा डोळ्यांसमोर भरतो.

कोण येते?

सर्वांत आधी येतो जांभळा शिंजीर. यालाच कुणी सूर्यपक्षी म्हणतात. पावसाळ्यानंतर नराने आपला झगमगीत पोशाख उतरवलेला असतो आणि तो मादीसारखा पिवळट दिसत असतो. छातीवरून एक काळी रेघ तेवढी उरलेली. हिवाळा सरता सरता त्याला पुन्हा जांभळी-काळी झळाळी येते, आणि पुढे विणीचा हंगाम सुरू होतो. पिसे बदलणे, हद्द राखणे, घरटे बांधणे ही सगळी कामे खर्चाची. त्या खर्चाची तरतूद मधातून होते. आणि मधापाठोपाठ फुलांवर येणारे बारीक किडे व कोळी पिलांच्या तोंडी जातात. एकाच झुडपावर आईबापांची साखर आणि पिलांची प्रथिने, दोन्ही मिळतात.

शिंजिराखेरीज चष्मेवाला येतो, बुलबुल येतात. मधमाश्यांपैकी सातेरी, आग्या आणि लहानगी फुलोरी या तिन्ही दिसतात. मोठा काळा भुंगा येतो तो मात्र दारातून येण्याचे कष्ट नेहमी घेत नाही. नळीच्या बुडाशी भोक पाडून मध पितो आणि परागाचे काम न करता निघून जातो. अशी भोके पडलेली फुले मी दर हंगामात पाहतो. निसर्गातही बिल न देता जेवणारे गिऱ्हाईक असतेच.

हे महत्त्वाचे का, ते फुलांच्या वेळापत्रकावरून कळेल. आमच्याकडे पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत माशीला चिंता नसते : तीळ, सूर्यफूल, रानतुळस, धुऱ्यावरची शेकडो तणफुले. मग तूर फुलते. तूर संपली की पळस-सावरीपर्यंत खिंड पडते. या खिंडीतच आर्वी-कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहार फुलतो. संत्रा आपली फळे बऱ्याच अंशी स्वतःच धरतो, पण माश्या त्या बहारावर तुटून पडतात आणि बागायतदारालाही त्या हव्या असतात. आता प्रश्न असा : बहाराच्या त्या थोड्या आठवड्यांत माश्या बागेत हव्यात, तर त्याच्या आधी आणि नंतर त्यांनी खायचे काय? मोहोळ म्हणजे भाड्याने आणलेला मजूर नव्हे की काम संपले, घरी गेला. त्याला अखंड शिधा लागतो. संक्रांतीपासून एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने फुलत राहणारी धायटी तो शिधा पुरवते.

वर्ध्याला मधमाशीचा विचार नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. जे. सी. कुमारप्पा तिथे होते आणि संघाच्या उद्योगांत मधमाशीपालनही होते. त्या पिढीने पेटीचा विचार केला. पेटीबाहेरच्या फुलांचा विचार करावा लागला नाही, कारण धुरे तेव्हा भरलेले होते. तो विचार आपल्या वाट्याला आला आहे.

अरिष्टाचे फूल

घरात दशमूलारिष्टाची किंवा द्राक्षारिष्टाची बाटली असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. ‘धातकी पुष्प’ सापडेल. कुटजारिष्ट, अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट, बलारिष्ट, सगळीकडे ते आहे. आसवे आणि अरिष्टे ही आंबवून केलेली औषधे. काढा किंवा रस, त्यात गूळ अथवा मध, वर धायटीची सुकी फुले, आणि तोंड बंद करून ठेवलेले भांडे. काही आठवड्यांत त्यात सौम्य मद्यार्क आपोआप तयार होतो. तोच औषधी द्रव्ये विरघळवतो आणि टिकवतोही.

फूल इथे नेमके काय करते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फुलांवर रानटी यीस्ट असते आणि तेच आंबवणे सुरू करते, असे काहींचे म्हणणे. फुलांवरून अशी यीस्ट वेगळी काढलीही गेली आहे. दुसरे म्हणतात, यीस्ट हवेतून आणि भांड्यातूनही येते. फुलाचे खरे काम म्हणजे साखर फोडणारे विकर पुरवणे, ज्यामुळे यीस्टचे काम सोपे होते. शिवाय फुलांत टॅनिन भरपूर असते. त्यामुळे एके काळी ती कातडी कमावायला आणि कापडाला लाल रंग द्यायलाही वापरत. कोणतेही उत्तर खरे ठरले तरी जुन्या वैद्यांचे निरीक्षण पक्के होते : धायटी टाकली की अरिष्ट साधते.

या मागणीमुळे धायटीची फुले गोळा होतात, वाळतात आणि विकली जातात. केंद्र शासन ज्या गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देते, त्या यादीत धवईची सुकी फुले आहेत. जंगलात राहणाऱ्या कुटुंबाला हाताशी दुसरे काम नसलेल्या दिवसांत यातून चार पैसे मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्कही मान्य केला आहे. त्या पैशावर बोट ठेवण्याचा अधिकार औषध पिणाऱ्याला नाही.

तरीही मघाची गोष्ट आठवा : फूल हेच फळ. मोहाचे फूल आपणहून गळते आणि खालून वेचता येते, झाडाचे काही जात नाही. धायटीचे तसे नाही. तिची फांदी ओरबाडली की एकाच हाताने तीन गोष्टी जातात : शिंजिराचा मध, माशीचा पराग आणि पुढच्या पिढीचे बी. जुने झुडूप मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा फुलते. म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पण उतारावर नवी रोपे येणे थांबते, आणि ते कळायला वीस वर्षे लागतात. वैदू मंडळींपैकी एक जुने गृहस्थ मला म्हणाले होते, “वरची फांदी देवाची, मधली आपली.” वरच्या फांद्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. या एका नेमात बी राखणे आणि पाखरे राखणे दोन्ही साधते. मागणी वाढत असेल तर उपाय एकच : जंगलातून जास्त तोडण्याऐवजी शेताच्या धुऱ्यावर जास्त लावणे.

लावायची कशी?

इथून पुढे जे सांगतो ते माझ्या परसातल्या आणि एका मित्राच्या धुऱ्यावरच्या अनुभवावरून.

बी : एप्रिल-मेमध्ये नळ्या वाळून तपकिरी झाल्या की आतली बोंडी कागदी होते. बोंडी फुटण्याआधी ती फांदी कागदी पिशवीत झटकावी. बी तपकिरी आणि इतके बारीक असते की प्रथम पाहणाऱ्याला ती धूळ वाटते. पंखा बंद करून काम करावे. बी वर्षानुवर्षे ठेवू नये. त्याच हंगामात पेरलेले चांगले.

पेरणी : मोठ्या बियांची सवय असलेला माणूस बी मातीत पुरतो. धायटीचे बी पुरायचे नसते. पसरट कुंडीत किंवा जुन्या परातीला भोके पाडून चाळलेली माती, बारीक वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरावे. माती आधी ओली करावी. बी चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरावे आणि तळहाताने हलके दाबावे, बस. वरून पाणी घातले की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. म्हणून परात पाण्याच्या घमेल्यात ठेवावी. पाणी खालून चढते. मृगाच्या सुमाराला पेरले तर हवेतली ऊब आणि दमटपणा दोन्ही मिळतात. पहिले दोन महिने रोपे फार सावकाश वाढतात आणि मोहरीएवढी पाने पाहून धीर सुटतो. सुटू देऊ नये. चार पाने आली की एकेक रोप पिशवीत हलवावे, आणि पहिला उन्हाळा त्याला अर्ध्या सावलीत काढू द्यावा.

कलम : घाई असेल त्याने पावसाळ्यात कलम करावे. गेल्या वर्षीची, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. वीतभर तुकडा कापावा, खालची पाने काढावीत आणि वाळूमिश्रित मातीत तिरपा रोवावा. सगळे तुकडे जगत नाहीत. म्हणून हवे त्याच्या दुप्पट-तिप्पट लावावेत. मात्र कुंपणभर झुडपे एकाच झाडाच्या कलमांची करू नयेत. बियांची रोपे एकमेकांसारखी नसतात. कुणी आठ दिवस आधी फुलते, कुणी नंतर, आणि त्यामुळे पाहुण्यांचा शिधा जास्त दिवस पुरतो.

जागा : आमच्या काळ्या मातीत कळीचा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा आहे. सपाट वावरात खड्डा करून रोप लावले की श्रावणात तो खड्डा तळे होतो आणि मुळे कुजतात. म्हणून खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. धुऱ्यावर किंवा कुंपणाच्या कडेला मुरूम, दगडगोटे आणि माती मिळून गुडघाभर वरंबा घालावा आणि त्यावर दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप लावावे. दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. ऊन भरपूर हवे. सावलीत ती जगते, पण फुलत नाही. खत द्यायची हौस आवरावी, नाहीतर पानेच पाने येतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे आणि बुडाशी पऱ्हाटीच्या बारीक तुकड्यांचे किंवा वाळल्या गवताचे आच्छादन घालावे. पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तिथे एवढे तरी करावे लागते. शेळ्यांपासून बचावाला बाभळीच्या फांद्यांचा घेर पुरतो. तिसऱ्या वर्षानंतर ती आपली आपण उभी राहते.

छाटणी : सर्वांत जास्त नासधूस इथे होते. धायटीची फुले जुन्या फांदीवर, पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात. दिवाळीच्या साफसफाईत कुंपण कातरले की येणाऱ्या संक्रांतीची फुलेच कातरली जातात. छाटणी करायची तर बी झडल्यावर, पावसाच्या तोंडाशी. मग पावसाळाभर नवी फांदी वाढते, हिवाळ्यात पक्व होते आणि वेळेवर फुलते. खरे तर तिला तिच्या मर्जीने कमानीसारखे वाकू द्यावे. त्या कमानीखालीच बुलबुलाला घरटे सुचते.

एक आक्षेप नेहमी येतो : एवढा खटाटोप कशाला? गिरिपुष्पही फेब्रुवारीत फुलते, कांडी रोवली तरी लागते, माश्याही येतात. घाणेरी तर न लावता वाढते. आक्षेप खोटा नाही. माशीला देशीविदेशीचा भेद नसतो. पण घाणेरी एकदा शिरली की आपल्याखाली गवत येऊ देत नाही, आणि तिने गिळलेली जंगले मोकळी करण्यात वनखात्याचे किती श्रम जातात ते सर्वांना ठाऊक आहे. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. हिरवळीच्या खताला उत्तम, तेवढ्यापुरते जरूर लावावे. धायटी मात्र इथल्या शिंजिराच्या चोचीबरोबर आणि इथल्या उन्हाळ्याबरोबर घडलेली आहे. ती शेजारच्या गवताला जागा देते, आणि फुलाबरोबर औषध व उत्पन्नही देते.

रकाना

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वृक्षलागवडीत मी धायटीची चाळीसेक रोपे घेऊन गेलो होतो. तिथल्या कर्मचाऱ्याने रोपे आदराने पाहिली, नाव विचारले, मग नोंदवही उलटली आणि म्हणाला, “दादा, झुडपाला रकाना नाही.” त्याचा दोष नव्हता. वहीत वृक्षाचे नाव, उंची आणि संख्या एवढेच मावत होते. रोपे मी परत आणली आणि मित्राच्या धुऱ्यावर लावली. तोच हा वर सांगितलेला धुरा.

महाराष्ट्राने २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प केले. संकल्पाच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण जंगल म्हणजे फक्त खोड नव्हे. वृक्ष आणि गवत यांच्या मधला जो मजला आहे, तो झुडपांचा : धायटी, मुरडशेंग, निरगुडी, तरवड, करवंद, भारंगी. सशाचा आडोसा तिथे, तितराचे घरटे तिथे, शिंजिराचे जेवण तिथे. मोजणी फक्त वृक्षांची होत असेल, तर लागवडीसाठी जमीन ‘साफ’ करताना पहिला बळी याच मजल्याचा जातो, आणि कागदावर काहीच कमी झालेले दिसत नाही. शेतातही तेच घडते. धुरा यंत्राने खरडला किंवा तणनाशकाने जाळला की वावर दोन हात वाढते. त्या दोन हातांत काय होते, याचा हिशेब सातबाऱ्यावर येत नाही.

पण रकाना मुळीच नाही असेही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. त्या वहीत वृक्षाबरोबर झुडूप, वेल, गवत, पक्षी, त्यांची स्थानिक नावे आणि लोकांचे ज्ञान या सगळ्यांना जागा आहे. ‘वरची फांदी देवाची’ हा नेमही तिथे लिहिता येतो. आपल्या गावची ही वही कुठे आहे ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन विचारा. धायटीची नोंद नसेल तर करायला सांगा : कुठे आहे, कधी फुलते, कोण येते, कोण तोडते. बोरच्या उतारावरची नोंद तिथल्या गावाने करावी. धुऱ्यावर लावलेलीची आपण करू.

या दिवाळीत कुंपण कातरायला माणूस बोलावला असेल आणि तुमच्याकडे एखादी धायटी असेलच, तर तेवढे झुडूप सोडायला सांगा. संक्रांतीला अडीच महिने आहेत. कळ्या त्याच फांदीवर येणार आहेत.